वाचकांचे प्रश्न : ‘एपी बायॉलॉजी’च्या वर्षाकडून काय अपेक्षा ठेवावी?

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये पुढच्या वर्षाचे विषय निवडण्याची वेळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एका विषयाची विचारणा हमखास असते. तो विषय म्हणजे कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ योजनेतील, सर्वांच्या तोंडी ‘एपी’ म्हणून रुळलेला, जीवशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम. मी तो एका पब्लिक हायस्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत दहावीत शिकते. नववीत तिने बायॉलॉजी घेतले होते आणि यंदा तिची केमिस्ट्री चालू आहे. अकरावीत एपी बायॉलॉजी घ्यावे, असे तिच्या काउन्सेलरचे म्हणणे आहे. नववीच्या विषयापेक्षा हा विषय किती आणि कसा वेगळा आहे? तिला तो झेपेल की नाही, हे आम्ही कशावरून ठरवावे?

उत्तर : मुलीने विषयांचा क्रम अगदी योग्य ठेवला आहे. हायस्कूलचे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र आधी झालेले असावे, अशीच कॉलेज बोर्डाची अपेक्षा असते. रसायनशास्त्राचा आग्रह कशासाठी, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात येते. वर्षाची सुरुवात होते ती पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजन बंधापासून. त्यानंतर कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले यांची घडण येते, आणि पुढे वर्षभर जे काही शिकवले जाते ते सारे या पायावर उभे राहते. ध्रुवीय रेणू म्हणजे काय हे ज्याला उमगलेले नाही, त्याला पेशीपटलातून कोणता रेणू सहज आत जातो आणि कोणाला प्रथिनांच्या दारातूनच जावे लागते, हे नीट सांगता येत नाही.

अभ्यासक्रम कॉलेजच्या पहिल्या वर्षातील दोन सेमिस्टरच्या जीवशास्त्राच्या तोडीचा मानला जातो. त्याचे ८ घटक आहेत : जीवनाचे रसायनशास्त्र, पेशीची रचना व कार्य, पेशीतील ऊर्जा, पेशींमधील संदेशवहन व पेशीचक्र, आनुवंशिकता, जनुकांची अभिव्यक्ती व तिचे नियंत्रण, नैसर्गिक निवड आणि परिस्थितिकी. या सर्वांचे वजन सारखे नाही. बहुपर्यायी प्रश्नांत पहिल्या घटकाला ८ ते ११ टक्के वाटा असतो, तर नैसर्गिक निवडीला १३ ते २० टक्के. हा सातवा घटक बहुतेक शाळांत मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वेळ सरत आलेली असताना शिकवला जातो आणि पुष्कळदा घाईघाईने उरकला जातो. तुमच्या राज्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागेल, कारण दक्षिणेकडील कित्येक राज्यांतील शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरतात, न्यू जर्सीतील सप्टेंबरमध्ये, आणि परीक्षा मात्र देशभर मे महिन्याच्या पूर्वार्धातच असते. हाताशी जवळजवळ एक महिना कमी असतो. म्हणून वाचनाची सुरुवात उन्हाळ्याच्या सुटीतच करून ठेवावी. निदान पहिला घटक तिने स्वतः वाचून काढावा.

झेपेल की नाही, हे तिच्या आजवरच्या ग्रेडवरून ठरवू नका. नववीच्या विषयात ‘ए’ मिळवणारी पुष्कळ मुले येथे अडखळतात आणि ‘बी’ मिळवणारी काही मुले फार चांगली रमतात. त्यापेक्षा तिच्यापुढे एखाद्या प्रयोगाचा आलेख ठेवा, आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे ते तिला सांगू द्या, आणि मग ‘यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?’ एवढेच विचारा. या प्रश्नात तिला गोडी वाटली, तर विषय तिचा आहे. उत्तर चुकले तरी चालेल. शाळेबाहेर आठवड्याला पाचसहा तासांचा अभ्यास धरून चालावा, हा माझा अंदाज. त्याच वर्षी आणखी तीन-चार एपी विषय घ्यायचा विचार असेल, तर एकटे बायॉलॉजी झेपेल का, हा प्रश्नच अपुरा ठरतो. सगळ्या विषयांची बेरीज करूनच निर्णय घ्या.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. सध्या मुलाकडे ओहायोत आलो आहे. नातीची एपी बायॉलॉजीची वही चाळली, तेव्हा तिच्यात पचनसंस्था नाही, उत्सर्जन संस्था नाही, प्राण्यांचे वर्गीकरण नाही, फुलाची रचनाही नाही. आमची बारावीची मुले याहून कितीतरी अधिक शिकतात. मग याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कशाच्या बळावर म्हणायचे?

उत्तर : सर, आपले निरीक्षण अचूक आहे. आशयाचा विस्तार मोजला तर महाराष्ट्राच्या अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम निःसंशय मोठा आहे. एपीचा अभ्यासक्रमही पूर्वी असाच विस्तृत होता. जाडजूड पाठ्यपुस्तकातील पन्नासहून अधिक प्रकरणे वर्षभरात संपवताना शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही धापा टाकत असत. २०१२-१३ या शैक्षणिक वर्षापासून त्याची पुनर्रचना झाली, आशय कमी करण्यात आला आणि वैज्ञानिक विचारपद्धतीला अधिक जागा मिळाली. २०१९ मध्ये तो आजच्या ८ घटकांत मांडला गेला. शरीरातील संस्थांची स्वतंत्र प्रकरणे आता नाहीत. इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन भेटतात, पण ते प्रतिपोषणाने (फीडबॅकने) समतोल कसा राखला जातो याचे उदाहरण म्हणून. पेशीश्वसनाच्या क्रेब्ज चक्रातील प्रत्येक पायरी, तिच्यातील विकराचे नाव आणि मधल्या संयुगांची रचना पाठ असणे परीक्षेच्या कक्षेबाहेर आहे, असे अभ्यासक्रमातच लिहिलेले आहे. जनुकीय संकेतांचा तक्ताही पाठ करावा लागत नाही. आवश्यक तेथे तो प्रश्नाबरोबर दिला जातो.

मग उरते काय, हे एका उदाहरणाने दाखवते तेव्हा वर्गातल्या पालकांना पटते, म्हणून तेच आपल्यापुढे ठेवते. सिकलसेल आजार आपल्याला परिचित आहे. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत तो आजही घराघरांतला प्रश्न आहे. बारावीत आपण तो आनुवंशिक विकारांच्या प्रकरणात शिकवत असाल. एपीच्या वर्गात तो वर्षभर पुन्हा पुन्हा परततो. आधी रसायनशास्त्राच्या घटकात : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, म्हणजे पाण्याशी सलगी करणाऱ्या भारित अमिनो आम्लाच्या जागी पाणी टाळणारे आम्ल येते. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब धागे होतात आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. मग जनुकांच्या अभिव्यक्तीत : डीएनएतील एकाच अक्षराचा बदल एवढ्या दूरवर कसा पोहोचतो? मग आनुवंशिकतेत : दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता किती? आणि शेवटी नैसर्गिक निवडीत : इतके घातक जनुक लोकसंख्येतून नाहीसे का झाले नाही? कारण ज्याच्याकडे त्याची एकच प्रत आहे त्याला हिवतापाच्या गंभीर रूपापासून बरेच संरक्षण मिळते, आणि जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता तेथे ते जनुक टिकून राहिले.

नातीला आपण हे चारही प्रश्न सलग विचारावेत आणि दुवे जुळवताना ती कोठे थांबते ते पाहावे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे विशेषण या जुळवणीसाठी आहे. तरीही आपल्या तक्रारीत तथ्य आहे, हे मी मनापासून म्हणते. वनस्पतींच्या रचनेचा आणि प्राण्यांच्या विविधतेचा एवढा त्याग करायला नको होता. आपल्या परसातील जास्वंदीचे फूल उघडून त्याचे भाग ज्याने कधी पाहिलेले नाहीत, त्याने उत्क्रांतीचे वृक्ष कितीही वाचले तरी त्याच्या ज्ञानात एक पोकळी राहते. ती भरून काढायला घरात आपल्यासारखे आजोबा आहेत, हे नातीचे भाग्य आहे.

प्रश्न : ताई, मी टेक्सासमध्ये अकरावीत आहे. आजपर्यंत सायन्समध्ये मला कधीच ‘ए’च्या खाली ग्रेड मिळाली नव्हती. एपी बायॉलॉजीच्या पहिल्या टेस्टला मी सगळे चॅप्टर तीनतीनदा वाचून गेलो होतो, फ्लॅशकार्ड पाठ होती, तरी ६२ टक्के पडले. पेपरात वाचलेले काहीच आले नव्हते. आई-बाबांना वाटते की मी अभ्यासच केला नाही. मी काय चुकीचे करतोय?

उत्तर : तू अभ्यास केला आहेस, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि हे उत्तर तू आई-बाबांनाही वाचायला दे. वाचलेले काहीच आले नाही असे तुला वाटले, कारण या पेपरात प्रश्न नेहमी अनोळखी गोष्टीवर बेतलेला असतो. तू नाव न ऐकलेला मासा असतो, कधी न वाचलेला जिवाणू असतो, एखाद्या संशोधनातून घेतलेला तक्ता असतो. ती माहिती तुला असावी अशी अपेक्षाच नसते. तुला माहीत असलेले तत्त्व त्या परक्या ठिकाणी लावता येते का, एवढेच पाहायचे असते. फ्लॅशकार्डाने शब्द पक्के होतात आणि ते आवश्यकही आहे, पण तेथून पुढे खरा अभ्यास सुरू होतो.

एक नमुना घेऊ. तो मी या उत्तरासाठी तयार केला आहे. एका लांबट पेटीच्या एका टोकाला पिकलेले केळे ठेवले, दुसरे टोक रिकामे ठेवले आणि मधोमध ४० फळमाश्या सोडल्या. दहा मिनिटांनी मोजले तर केळ्याच्या बाजूला २८ आणि रिकाम्या बाजूला १२ माश्या होत्या. आता प्रश्न असा की या प्रयोगाचे शून्य गृहीतक सांग आणि आकडे त्याला आधार देतात का, ते पडताळून पाहा.

बहुतेक मुले पहिल्या फटक्यात लिहितात की माश्यांना केळे आवडते. या वाक्याला गुण नाहीत. शून्य गृहीतक असे : माश्यांच्या विभागणीवर केळ्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि दोन बाजूंमध्ये दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा आहे. तसे असेल तर प्रत्येक बाजूला २० माश्या अपेक्षित आहेत. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतील फरक दोन्हीकडे ८, त्याचा वर्ग ६४, त्याला २० ने भागले की ३.२, आणि दोन्ही बाजूंची बेरीज ६.४. हाच काय-स्क्वेअरचा आकडा. त्याच्या तक्त्यात स्वातंत्र्यमात्रा १ (गटांच्या संख्येतून एक वजा) आणि संभाव्यता ०.०५ यांसाठी मर्यादा ३.८४ आहे. आपला आकडा तिच्याहून मोठा आहे, म्हणून शून्य गृहीतक नाकारायचे. सूत्र आणि तक्ता परीक्षेत दिलेलाच असतो आणि कॅल्क्युलेटरही चालतो. खरी कसोटी पुढच्या वाक्याची आहे. ‘माश्यांची विभागणी योगायोगाने अपेक्षित असते त्याहून लक्षणीयरीत्या वेगळी आहे, त्यामुळे माश्या केळ्याकडे ओढल्या जातात या दाव्याला आधार मिळतो’, असे लिहिणारा विद्यार्थी आकड्याला त्याच्या अर्थाशी जोडतो. ‘सिद्ध झाले’ असे तो लिहीत नाही. माश्या वासाने आल्या की आणखी कशाने, हे या प्रयोगातून कळत नाही, हेही त्याला दिसते, आणि पुढचा प्रश्न बहुधा नेमका तेच विचारतो : ते ठरवण्यासाठी तू कोणता प्रयोग करशील आणि त्यात नियंत्रित गट कोणता ठेवशील?

प्रश्नातील क्रियापदाखाली रेघ मारायची सवय आजपासून लाव. ‘आयडेंटिफाय’ असेल तर नाव सांगून थांब. ‘डिस्क्राइब’ असेल तर काय घडते ते लिही. ‘एक्स्प्लेन’ असेल तर कसे किंवा का घडते ते लिही. ‘जस्टिफाय’ असेल तर तुझ्या दाव्याला आधार देणारा पुरावा आणि त्या दोहोंना जोडणारे कारण, दोन्ही दे. तपासणाऱ्याच्या हाती प्रत्येक गुणासाठी ठरलेला निकष असतो. सुंदर प्रस्तावनेला तो गुण देऊ शकत नाही. दोन कारणे मागितली आणि तू पाच लिहिलीस तर पहिली दोनच पाहिली जातात. बरोबर विधानापाठोपाठ त्याच्या उलट विधान लिहिलेस, तर मिळालेला गुण हातचा जातो.

वार्षिक परीक्षेचे स्वरूपही आताच समजून घे. एकूण वेळ ३ तास. पहिल्या ९० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या ९० मिनिटांत ६ लेखी प्रश्न, आणि दोन्ही विभागांना निम्मे-निम्मे वजन. लेखीतील पहिले दोन प्रश्न मोठे, प्रत्येकी ९ गुणांचे असतात. दोन्ही प्रयोगाच्या निष्कर्षांवर असतात आणि दुसऱ्यात आलेखही काढावा लागतो. उरलेले चार प्रत्येकी ४ गुणांचे असतात. मोठ्यांना २५ मिनिटे आणि लहानांना १० मिनिटे असा हिशेब ठेवलास तर वेळ पुरतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून बहुपर्यायी प्रश्न एकही रिकामा सोडू नकोस. २०२५ पासून बहुपर्यायी भाग ‘ब्लूबुक’ या अ‍ॅपवर सोडवायचा असतो, आणि लेखी प्रश्न पडद्यावर वाचून उत्तरे मात्र कागदी पुस्तिकेत हाताने लिहायची असतात. टाइप करायची सवय झालेल्या मुलांचा हात तासाभरात दुखू लागतो, तेव्हा सराव कागदावरच कर.

६२ टक्क्यांनी खचून जाऊ नकोस. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे लेखी प्रश्न, त्यांच्या गुणदानाच्या निकषांसह, विनामूल्य उपलब्ध आहेत. दर रविवारी एक प्रश्न वेळ लावून सोडव आणि निकष समोर ठेवून स्वतःच तपास. आपण काय लिहिले आणि काय लिहिल्याचे आपल्याला नुसते वाटले, यांतला फरक असा दिसला की लेखन सुधारतेच. वर्गात मी हे दर वर्षी पाहते.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेत आठवड्यातला बराच वेळ प्रयोगशाळेत जातो. पालेभाजीच्या पानांच्या चकत्या पाण्यात तरंगवणे, वाटाण्यांचे श्वसन मोजणे, असले प्रकार चालतात. प्रयोगांना परीक्षेत वेगळे गुण नाहीत, असे कळले. मग हा वेळ प्रश्नपत्रिका सोडवण्यासाठी दिला तर अधिक फायद्याचे होणार नाही का? – एक वडील, कॅलिफोर्निया

उत्तर : प्रात्यक्षिकाची स्वतंत्र परीक्षा नाही, हे खरे आहे. महाराष्ट्रात बारावीच्या जीवशास्त्रात ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात; तशी विभागणी येथे नाही. तरीही शिकवण्याच्या एकूण वेळेपैकी किमान २५ टक्के वेळ प्रयोगांना द्यावा, असे अभ्यासक्रम सांगतो, कारण लेखी परीक्षेचा मोठा भाग प्रयोगाच्या अनुभवावरच उभा आहे. तुम्ही ज्या चकत्यांचा उल्लेख केला आहे, त्यांच्याकडे थोडे जवळून पाहू या.

पालकाच्या ताज्या पानातून कागदाला भोक पाडायच्या पंचने दहा चकत्या कापतात. सुईविना सिरिंजमध्ये खाण्याच्या सोड्याचे अगदी सौम्य द्रावण आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घेतात, त्यात चकत्या सोडतात, तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढतात. पानाच्या आतील पोकळ्यांत हवा असते. ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, तिची जागा द्रावण घेते आणि आतापर्यंत तरंगणाऱ्या चकत्या तळाशी बसतात. मग त्या द्रावणासह पारदर्शक पेल्यात ओतून वर दिवा लावतात आणि दर मिनिटाला किती चकत्या वर आल्या ते मोजतात. सोड्यातून मिळणारा कार्बन डायऑक्साइड वापरून पान प्रकाशसंश्लेषण करते, तयार झालेला ऑक्सिजन पोकळ्यांत साठतो आणि एकेक चकती डळमळत वर येते. साध्या पाण्यातल्या चकत्या खालीच राहतात. वर आलेल्या चकत्यांचा पेला अंधारात ठेवला तर त्या काही वेळाने पुन्हा बुडू लागतात, कारण प्रकाश नसला तरी श्वसन थांबत नाही आणि साठलेला ऑक्सिजन त्यात खर्च होतो.

या शेवटच्या क्षणी वर्गात होणारी चर्चा मला फार मोलाची वाटते. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात, ही समजूत कितीही वेळा पुस्तकातून खोडली तरी ती टिकून राहते. बुडणारी चकती डोळ्यांनी पाहिली की ती जाते. त्यानंतर मुलांनी स्वतःचा प्रश्न घ्यायचा असतो : प्रकाशाचा रंग बदलला तर, दिवा दूर नेला तर, सोड्याचे प्रमाण वाढवले तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, पुनरावृत्ती किती करायची ते ठरवायचे, आणि निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध आले तर त्याची कारणे शोधायची. परीक्षेतील मोठ्या प्रश्नांत हेच विचारतात. सामान सारे स्वयंपाकघरातले आहे, सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. एखाद्या शनिवारी मुलाला हा प्रयोग तुमच्यापुढे करून दाखवायला सांगा. प्रश्नपत्रिकांचा सराव अवश्य व्हावा, पण तो प्रयोगाचा वेळ कापून नको.

प्रश्न : गणितात माझी मुलगी कच्ची आहे, म्हणूनच तिला फिजिक्सऐवजी बायॉलॉजी घ्यायचे आहे. निर्णय बरोबर आहे ना?

उत्तर : कॅल्क्युलस लागत नाही, पण गणित टाळण्यासाठी हा विषय घेऊ नये. काय-स्क्वेअर, सरासरी आणि प्रमाण त्रुटी, लोकसंख्येतील जनुकांच्या प्रमाणाचे हार्डी-वाइनबर्ग समीकरण, जलविभव (वॉटर पोटेन्शियल), लोकसंख्यावाढीचा दर आणि पृष्ठफळाचे घनफळाशी गुणोत्तर हे सारे सोडवावे लागते. बीजगणित पक्के असेल तर एवढे पुरते. ते पक्के नसेल तर त्यावर आधी दोन महिने घालवावेत. आकड्यांची धास्ती बाळगून या विषयात वर्ष काढणे मुलीला जड जाईल.

प्रश्न : मुलाला डॉक्टर व्हायचे आहे. एपी बायॉलॉजीत ५ मिळाले तर मेडिकलच्या वाटेवर त्याचा किती उपयोग होतो? दुसरे असे की, आम्ही दोन वर्षांत पुण्याला परतण्याचा विचार करत आहोत. तसे झाले तर नीटसाठी हाच अभ्यास चालेल का? – एक पालक, इलिनॉय

उत्तर : निकाल जुलैमध्ये १ ते ५ या श्रेणीत लागतो. ४ किंवा ५ मिळाल्यास अनेक विद्यापीठे क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय कॉलेजात झाला असे धरतात, किंवा वरच्या वर्गात बसू देतात. पण प्रत्येकाचे धोरण वेगळे असते आणि एकाच विद्यापीठातील दोन विभागांचे नियमही कधी कधी वेगळे असतात, म्हणून ज्या ठिकाणी अर्ज करायचा तेथील नियम वाचल्याशिवाय काहीही गृहीत धरू नका. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत अधिक जपावे लागते. अमेरिकेत पदवीनंतर मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळतो, आणि बऱ्याच मेडिकल स्कूलना केवळ एपीच्या बळावर मिळालेले जीवशास्त्राचे क्रेडिट पुरेसे वाटत नाही. कॉलेजमध्ये त्या विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास केलेला त्यांना हवा असतो. त्यामुळे क्रेडिट मिळूनही कॉलेजचे पहिले वर्ष टाळू नये, असाच सल्ला मी माझ्या विद्यार्थ्यांना देते. मग उपयोग कोणता? कॉलेजच्या पहिल्या वर्षी ज्या वेगाने शिकवतात त्या वेगाची ओळख होते, आणि मुलाला खरोखर या विषयात रस आहे की घरच्यांच्या इच्छेमुळे तो तसे म्हणतो आहे, हे त्याचे त्याला कळते. सतराव्या वर्षी ते कळणे चांगले.

पुण्याबद्दल स्पष्टच सांगते : हा अभ्यास नीटला पुरणार नाही. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांपैकी ९० प्रश्न आणि ३६० गुण जीवशास्त्राचे. प्रत्येक बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. प्रश्न एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांना धरून असतात. वर सांगलीच्या सरांनी ज्यांचा उल्लेख केला ते प्राण्यांचे वर्गीकरण, वनस्पतींची रचना, मानवी शरीरातील संस्था आणि पुनरुत्पादन, असे बरेच काही एपीत नाही किंवा ओझरते आहे, आणि नीटमध्ये ते भरपूर आहे. पेशी, आनुवंशिकता, जैवतंत्रज्ञान व परिस्थितिकी या भागांत समज चांगली तयार झालेली असेल, एवढा फायदा होईल. पण दोन परीक्षांची तयारी एकाच वर्षी एकाच अभ्यासातून साधू पाहणे मुलाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. परतायचे नक्की असेल तर निर्णय अकरावीच्या सुरुवातीलाच घ्या, प्रवेशाच्या पात्रतेचे नियम त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपत्रकात पाहा आणि एनसीईआरटीची पुस्तके आजच मागवून ठेवा. निर्णय लांबणीवर टाकला तर त्याची किंमत मुलालाच मोजावी लागेल.

प्रश्न : आमच्या गावातील शाळा लहान असल्याने तेथे एपी बायॉलॉजी शिकवले जात नाही. मुलगी घरी अभ्यास करून परीक्षा देऊ शकेल का?

उत्तर : देऊ शकेल, वर्गात नाव असणे परीक्षेसाठी सक्तीचे नाही. ज्या शाळेत ही परीक्षा घेतली जाते, तेथील एपी समन्वयकाशी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच संपर्क साधा, कारण नोंदणी साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यावर संपते आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना जागा देणे शाळांवर बंधनकारक नसते. शुल्क सुमारे १०० डॉलर आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत मिळते, ती जरूर मागा. घरी अभ्यास करताना प्रयोगांची उणीव सर्वांत अधिक जाणवेल. चकत्यांचा प्रयोग, कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन आणि मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या बटाट्याच्या फोडींचे वजन, एवढे तरी तिने स्वतःच्या हाताने करावे. सूक्ष्मदर्शकासाठी शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. शाळा सुटल्यावर तासभर प्रयोगशाळा उघडी ठेवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.